पातळ कागदातला खडू

हे पान जरा उजेडाकडे धरून बघा. मागच्या पानावरची अक्षरं दिसतात का? थोडी सावली दिसली तर चालेल. पण मागचं वाक्य वाचताच यायला लागलं, तर कागद करणाऱ्याचं कुठंतरी बिनसलंय असं समजा. माझं सगळं नोकरीचं आयुष्य हे बघण्यात गेलं. लोक पुस्तक हातात घेतलं की वाचतात, मी आधी पान उजेडाकडे धरते. घरातले याला वेड म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप होता की मिलमधल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं. मी बसून आठवून पाहिलं. दोन गमती सापडल्या. त्या लिहिते आणि मग जे सांगायचं आहे ते सांगते. ते हलकंफुलकं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मी मूळची हसनाबादची. घरी शेती, भाऊ अजून करतात. जालन्याला बी.एस्सी. केलं, एका लहानशा कागद मिलच्या लॅबमध्ये लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. जालना म्हटलं की लोकांना सळई आठवते, नाहीतर बियाणं. कागद कुणालाच आठवत नाही. लोखंडाच्या मिलांच्या धुराड्यांमध्ये आमचं एक बारकं धुराडं होतं, आणि त्याच्याखाली रद्दी भिजवून, कुटून, तिचा पातळ छपाईचा कागद निघायचा.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कागदात माती असते. हे ऐकून लोक नाराज होतात, दुधात पाणी आहे असं सांगितल्यासारखे. पण ही भेसळ नाही. कागद म्हणजे तंतूंची जाळी, आणि जाळीत फटी असायच्याच. जाड कागदात थरावर थर बसतो आणि फटी झाकल्या जातात. पातळ कागदाला झाकायला दुसरा थर नसतो. उजेड आरपार जातो, शाई आत उतरते, आणि या बाजूचं अक्षर त्या बाजूला दिसतं. म्हणून लगद्यात पांढरी बारीक पूड घालतात. पूर्वी आम्ही शंखजिरं घालायचो, अंगाला लावायच्या पावडरीत असतं तेच. काही मिलांत चिनी माती घालतात. अलीकडे बहुतेक जण खडू घालतात, म्हणजे दळलेली चुनखडी. ही पूड फटींत बसते, उजेड अडवते, कागदाचं अंग सारखं करते आणि शाईला जागच्या जागी थांबवते. मिलमध्ये तिला फिलर म्हणतात. मी पूडच म्हणते.

पूड कमी पडली तर मागचं पुढं दिसतं. जास्त झाली तर तंतू एकमेकांना धरत नाहीत, कागद लुळा पडतो, मशीनवर तुटतो आणि छापताना भुकटी उडते. कागद जितका पातळ तितकी चुकायला जागा कमी. हे प्रमाण सांभाळणं हेच माझं काम होतं. कागदाचा तुकडा तोलायचा आणि लॅबच्या भट्टीत जाळायचा. तंतू जळून जातात, पूड मागं राहते. ती राख तोलली की किती पूड कागदात टिकली ते कळतं. आमचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणायचे, पाहुण्यांना लॅब दाखवताना हमखास सांगायचे, "ह्या मॅडम आमचाच कागद जाळतात आणि वर पगार घेतात." पाहुणे हसायचे. मीही हसायचे, कारण पगार त्यांच्या हातात होता.

पहिली गंमत एका पतंगवाल्याची. संक्रांत जवळ आली की हे गृहस्थ यायचे, कागदाचा कोपरा फाडून तोंडात टाकायचे, चावायचे आणि थुंकून म्हणायचे, "मॅडम, याच्यात माती हाय. माती उडत न्हाई." त्यांचं बिलकुल बरोबर होतं. पतंगाला मागचं पुढं दिसलं तर काही बिघडत नाही, त्याला ताकद लागते, आणि पुडीनं ताकद जाते. मशीन बंद करायच्या आधी पुडीची टाकी रिकामी झाली की शेवटी जो कागद निघायचा तो छपाईला टाकाऊ असायचा. तो आम्ही त्यांच्यासाठी बाजूला ठेवायला लागलो. टाकाऊ माल घेऊन इतकं खूश होऊन जाणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

दुसरी गंमत घडली तेव्हा गंमत नव्हती. लगद्यापेक्षा पूड स्वस्त असते, आणि हे शेठना एकदा कळल्यावर ते गप्प बसणं शक्य नव्हतं. मी रजेवर असताना त्यांनी शंखजिऱ्याचं प्रमाण वाढवलं. त्या कागदावर जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या एका प्रेसमध्ये जत्रेचं हँडबिल छापलं गेलं. भुकटी उडून मशीनच्या रबरावर बसली आणि जिथं बसली तिथं शाई लागेना. खाली संयोजकांची नावं होती, त्यातल्या एकाचं आडनावच गेलं. ते संयोजक आणि बाकीचे संयोजक यांच्यात आधीच वाकडं होतं. त्यांनी ठरवलं की हे मुद्दाम केलंय.

प्रेसचे मालक दुसऱ्या दिवशी थेट माझ्या लॅबमध्ये आले. बोटाच्या टोकावर पांढरी भुकटी घेऊन आले होते, स्कूटर एका हातानं चालवत आले की काय देव जाणे. बोट माझ्यापुढं धरून म्हणाले, "ताई, मी हँडबिल छापून राह्यलो का फळा पुसून राह्यलो? तेवढं सांगा, मंग मी जातो."

हे भगवानराव. त्यांची माझी ओळख अशी झाली. बोलता बोलता निघालं की तेही हसनाबादचेच, माझ्या थोरल्या भावाच्या वर्गातले. त्यानंतर आमच्या कागदाबद्दल खरं बोलणारा माणूस मला मिळाला. मिलमध्ये सगळे शेठना आवडेल ते बोलायचे. भगवानराव कागद कानाजवळ नेऊन हलवायचे, दोन बाजूंवरून नख फिरवायचे आणि सांगायचे, "खालची बाजू उघडी पडून राह्यली." कागद जाळीवर बनतो, पाणी खालून निथळतं आणि जाताना त्या बाजूची पूड घेऊन जातं, म्हणून खालची बाजू नेहमी थोडी गरीब असते. मी ते राखेवरून काढायचे, ते शाईवरून ओळखायचे. दोघांचं उत्तर जुळलं की मला बरं वाटायचं.

त्यांचं प्रेस म्हणजे एक खोली आणि पुण्याच्या कुठल्याशा प्रेसमधून जुनं आणलेलं दोन रंगांचं ऑफसेट मशीन. पत्रिका फोनवर गेल्या, बिलबुकं कॉम्प्युटरवर गेली, हँडबिलं उरली ती निवडणुकीपुरती. प्रेस चाललं होतं ते एका कामावर. बियाण्याच्या पाकिटात एक घडीचं पातळ माहितीपत्रक असतं ना, कधी पेरायचं, किती अंतर ठेवायचं, बीजप्रक्रिया कशी केलीय, ते सांगणारं? ते भगवानराव छापायचे, एका बियाणे कंपनीसाठी. दोन्ही बाजूंना मुंगीएवढी अक्षरं, एका बाजूला मराठी आणि हिंदी, दुसऱ्या बाजूला तेलुगू आणि कन्नड. जाड कागद घेतला तर घडी पाकिटात मावत नाही, पातळ घेतला तर एका भाषेतून दुसरी भाषा दिसते. हे काम गेलं तर प्रेसला कुलूप, हे ते स्वतःच सांगायचे. सांगताना हसायचे. ते काम त्यांच्याकडं टिकावं असं मला मनापासून वाटायचं. त्या कामाला ते बाहेरगावचा कागद वापरायचे, आणि मी त्यांना कधी आमचा घ्या म्हटलं नाही. शंखजिऱ्याचा आमचा कागद त्या कामाच्या लायकीचा नव्हता.

मग आमच्या मिलनं खडू घ्यायचं ठरवलं. खडू शंखजिऱ्यापेक्षा पांढरा, उजेड जास्त अडवतो. पण नुसती एक पूड काढून दुसरी घातली असं होत नाही. शाई पसरू नये म्हणून जुन्या पद्धतीत लगद्यात राळ घालत, आणि राळ तंतूंना धरून बसावी म्हणून तुरटी. तुरटीचं पाणी आंबट असतं. शंखजिऱ्याला त्याचं काही नाही. खडूला मात्र आंबट चालत नाही. शहाबादी फरशीवर लिंबू पिळून बघा, फेस येतो आणि तेवढी जागा खरबरीत होते. तसंच खडूचं होतं, तो विरघळून जातो. म्हणून राळ गेली, तिच्या जागी नवं औषध आलं, आणि तुरटी बंद झाली. केमिकलच्या खोलीतून तुरटीची उरलेली पोती मी समोर उभं राहून बाहेर काढायला लावली. मजुरांना, फोरमनला, सगळ्यांना बजावून सांगितलं की आता मशीनमध्ये तुरटीचा खडासुद्धा जाता कामा नये. पोती शेठनी पंपाच्या खोलीत ठेवायला सांगितली. "फेकता कशाला? पाण्याला कामाला येईल." ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. पोती माझ्या नजरेआड झाली याचंच मला समाधान होतं.

हिवाळ्यात निघालेला तो कागद मी अजून विसरलेले नाही. पातळ, पांढरा, दोन्ही बाजूंनी सारखा. भगवानरावांनी एक रीम नेऊन माहितीपत्रकाचा नमुना छापला आणि तो घेऊन आले. आम्ही दोघांनी तो लॅबच्या खिडकीला लावला. मराठी वाचता येत होतं आणि मागच्या तेलुगूची फक्त सावली होती. एका बिंदूची शाई दुसऱ्याला शिवत नव्हती. भगवानरावांनी ताव उलटा करून पुन्हा काचेला लावला. मग म्हणाले, "ताई, बी जालन्याचं, कागद जालन्याचा, छपाई जालन्याची. औंदा सगळा माल तुमचाच घेतो." मी म्हटलं, अजून एखादा महिना जाऊ द्या, नवीन पद्धत आहे. ते म्हणाले, "आता काय बघायचं राह्यलं?" मलाही काही बघायचं राहिलंय असं वाटत नव्हतं. नोकरीत मला इतका आनंद त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही.

माहितीपत्रकांचं काम उन्हाळ्यात असतं. जूनच्या पेरणीआधी पाकिटं दुकानांत पोचायची असतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये भरायची. आणि एप्रिल-मेमध्ये जालन्यात पाण्याची काय गत असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. बोअर आटले, आणि मिल टँकरवर आली. कागदाला पाणी फार लागतं. टँकर कुठल्या तरी तलावाच्या तळातलं पाणी आणायचे, रंग चहासारखा.

पाण्याच्या हौदावर आणि पंपावर धोंडिबा होते. टेंभुर्णीकडचे, घरात पूर्वी मेंढरं होती, ती मोडल्यावर मिलला लागलेले. माझ्यापेक्षा वयानं मोठे, मला बाई म्हणायचे. कामाला कधी चुकले नाहीत. गढूळ पाणी हौदात पडताना त्यांना बघवायचं नाही. गढूळ पाण्याला काय करायचं हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. घरोघरी रांजणात तुरटीचा खडा फिरवतात, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी नितळ होतं. त्यांनी हौदात दरवर्षी तेच केलं होतं, थोडी थोडी तुरटी टाकून, आणि जुन्या पद्धतीत त्यानं काही बिघडायचं नाही, उलट मदतच व्हायची. त्या वर्षी पाणी कधी नव्हे इतकं खराब होतं, आणि तुरटीची पोतीच्या पोती त्यांच्या खोलीत येऊन पडली होती. मशीनमध्ये तुरटी घालायची नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं. हौद म्हणजे मशीन नव्हे. धोंडिबांना मी सांगितलंच नव्हतं, कारण ते केमिकल घालणाऱ्यांपैकी नव्हतेच.

आधी फेस आला. लगदा जाळीवर पडतो तिथं बुडबुडे तरंगायला लागले. फोरमन म्हणाला, "लय फेस येऊन राह्यलाय मॅडम, नव्या औषधाचा असंल." फेस मारायचं औषध टाकलं. मग राख कमी आली. मला वाटलं पूड निथळून जातेय, म्हणून खडू वाढवायला सांगितला. राख आणखी कमी आली आणि फेस वाढला. टाकीत खडू ओतला जात होता आणि कागदात तो नव्हता. शेठ रोज विचारायचे, "मॅडम, माझा खडू जातो कुठं?" मशीन थांबवू या म्हटलं, तर म्हणाले, भगवानरावचा माल अडकलाय, जल्दी करा, नंतर बघू. कागद बघायला पांढराच होता. रिमा बांधून मस्तगडला जात होत्या.

शेवटी मी आंबटपणा मोजायच्या पट्ट्या घेतल्या आणि मशीनपासून उलटी चालत गेले. जाळीवरचं पाणी आंबट. टाकीतलं आंबट. त्याच्या मागच्या टाकीतलंही आंबट. नळाला पट्टी लावली तर तीही लाल झाली. मग कळलं की हे मिलमध्ये घडतच नाहीये, बाहेरून येतंय. मी हौदावर गेले. धोंडिबा काठावर उभे होते, जवळ तुरटीचं रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं. मला बघून त्यांना आनंद झाला. लॅबच्या बाई त्यांच्या हौदावर कधी आल्या नव्हत्या. हौदाकडं हात करून म्हणाले, "बघा बाई. टँकरचं पाणी हाय, सांगून पटल का? तळ दिसून राह्यला."

खरंच तळ दिसत होता.

मी त्यांना लॅबमध्ये नेलं. रागावण्यासाठी नाही, मला वाटलं माणसाला कळायला पाहिजे. पेल्यात त्यांच्या हौदातलं पाणी घेतलं आणि चिमूटभर खडू टाकला. ते पाणी इतकं आंबट होतं की फेस आला. त्यांनी वाकून पेल्यात पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मी जितकं नितळ करून राह्यलो, तितका तुमचा माल..." मी हो म्हटलं. आज वाटतं, पाण्यात दुसरंच काही होतं असं सांगून वेळ मारून न्यायला हवी होती. माणसानं जन्मभर जे चांगलं म्हणून केलं, ते मी त्यांच्या डोळ्यांसमोर पेल्यात फसफसवून दाखवलं. शेठ त्यांना काही बोलले नाहीत, मीच बोलू दिलं नाही. पण धोंडिबा त्या आठवड्यानंतर कामावर आले नाहीत. निरोप पाठवला तर "गुडघे दुखून राह्यले" म्हणून उत्तर आलं.

धोंडिबांना पेला दाखवला त्याच दुपारी भगवानरावांचा फोन आला. "ताई, कागद शाई पिऊन राह्यला. या जरा."

मस्तगडात गेले. मशीन बंद होतं. छापलेले ताव भिंतीला लावून ठेवले होते. मी एक उचलला. उजेडाकडे धरायचीही गरज नव्हती. मराठी ओळींच्या आतून तेलुगू ओळी वर आल्या होत्या, बारीक अक्षरांच्या पोटात शाई भरली होती, आणि कागदाला सुईनं टोचल्यासारखी छिद्रं होती, फेसाचे बुडबुडे फुटून पडलेली. किती अंतरावर पेरायचं तो आकडा वाचायला मला चष्मा काढून, परत घालून बघावं लागलं. मी तरी त्या विषयातली. शेतात उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाचता येणार होतं? मी त्यांना सगळं सांगितलं, तुरटी, हौद, खडू. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पान्यानं मारलं म्हना की." मग विचारलं, "आता नवीन कधी देता?"

इथं माझं सगळं शिक्षण संपलं. नवीन द्यायचा कसा? तुरटी बंद केली तर तलावाचा गाळ सरळ कागदात येतो. ते आम्ही करून पाहिलं. कागद पिवळट निघाला, त्यावर काळे ठिपके, आणि बियाण्याच्या पत्रकावर ठिपका आकड्याच्या शेजारी बसला की आकडा बदलतो. तुरटी चालू ठेवली तर खडू जातो. परत शंखजिऱ्यावर जावं, तर ते राजस्थानातून यायचं, आणि जुन्या साठ्यातलं जे तळाशी उरलं होतं त्यात दमट गोळे झाले होते. तरी चाळून घातलं. एक दिवसाचा कागद बरा निघाला आणि पूड संपली. चांगलं पाणी पावसाळ्याशिवाय मिळणार नव्हतं. मी पुस्तकं काढली, ओळखीच्या मिलांना फोन केले, सगळ्यांनी मला माहीत असलेलंच सांगितलं. काय होतंय ते मला अगदी तंतोतंत कळत होतं आणि त्या कळण्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. त्या दिवसांत मला स्वतःचा फार तिटकारा आला.

भगवानरावांनी बाहेरचा कागद शोधला. सगळ्या बियाणे कंपन्यांच्या छपाया एकाच वेळी असतात, त्या जाडीचा कागद कुठं शिल्लक नव्हता. बियाणे कंपनीचा अधिकारी आला तेव्हा मी प्रेसमध्येच होते. तरुण माणूस, वागायला सभ्य. त्यानं ताव खिडकीशी धरला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि खाली ठेवला. भगवानराव म्हणाले, "साहेब, आठ-पंधरा दिवस द्या." तो म्हणाला, "काका, मला द्यायचे आहेत हो. पण पाकिटं भरायला सुरुवात झालीय, पेरणी कुणासाठी थांबत नाही." भगवानराव शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी तो ताव घडी करून बाजूला ठेवला. मी मधे पडून तुरटीचं सांगायला लागले, तो शांतपणे ऐकत होता, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की यातलं काहीही त्याच्या कामाचं नाही. त्याला पत्रक हवं होतं, जे वाचता येईल.

काम हैदराबादला गेलं. पुढच्या वर्षी तिथूनच छापून आलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पत्रकच आलं नाही. पाकिटावर एक काळापांढरा चौकोन आला, फोन समोर धरला की सगळ्या भाषांत माहिती दिसते. म्हणजे तो उन्हाळा नसता तरी काम जाणारच होतं, असं मला काही जण समजावतात. एक हंगाम आणखी मिळाला असता, एवढंच ते मान्य करतात. मला तो एक हंगाम फार मोठा वाटतो. तेवढ्यात भगवानरावांनी काहीतरी दुसरं जुळवलं असतं, ते तसे होते. शेठनी छपाईचा कागद बंद केला आणि मिल खोक्यांच्या तपकिरी कागदावर नेली. त्याला ना पूड लागते ना नितळ पाणी. माझी लॅब म्हणजे एक वजनकाटा आणि रिकामी खोली झाली, आणि तिथंच मी उरलेली वर्षं काढली.

प्रेस बरेच दिवस उघडं असायचं. भगवानराव सकाळी येऊन बसायचे. मशीन विकायचं त्यांनी खूप पाहिलं. तसलं मशीन आता कुणाला नको होतं. जालन्यात ज्या लोखंडाला गिऱ्हाईक नसतं त्याला एक गिऱ्हाईक कायम असतं. सळईच्या मिलांना भट्टीत घालायला भंगार लागतं.

मी निवृत्त झाल्यानंतर एका सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, जरा येता का प्रेसवर? घरच्यांना न्हाई सांगितलं." मी गेले. दारात ट्रक उभा होता. भंगारवाल्याची माणसं हातोडे आणि गॅस कटर घेऊन आली होती. पहिला हातोडा बसायच्या आधी भगवानराव पुढं झाले आणि म्हणाले, "थांबा. मी खोलतो." त्यांनी नट खोलायचे पाने काढले, जमिनीवर बसले आणि एकेक नट सोडवायला लागले. जुना नट अडला की तेल सोडून वाट बघायचे. भंगारवाले आधी हसले, मग बाहेर जाऊन विडी ओढत बसले. त्यातला एक परत आत येऊन म्हणाला, "काका, कशाला येवढा खर्चा करता जिवाचा? सगळं एकाच भट्टीत जायचंय." भगवानराव मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे की. तुटून न्हाई जायचं, खुलून जाईल."

दुपारपर्यंत त्यांनी मशीन खोललं. मी पाने हातात देत होते. छपाईचा सिलिंडर शेवटी निघाला. त्याच्यावर ओरखडा नव्हता. चार माणसांनी तो उचलला. ट्रकशी पोचल्यावर भगवानराव म्हणाले, "ताई, त्या टोकाला हात लावा, आपटायला नको." मी हात लावला. त्यांनी खाली एक गोणपाट पसरलं आणि आम्ही सिलिंडर त्याच्यावर हळूच ठेवला. मग भंगारवाल्यांनी बाकीचं लोखंड त्याच्यावर फेकायला सुरुवात केली.